गाळलेले अकरा प्रयोग

प्रिय पोरी,

हाताने लिहिलेलं, तिकीट लावलेलं एवढं जाड पाकीट बघून तुला नवल वाटलं असेल. सरांच्या ईमेलवरून चार ओळी पाठवल्या असत्या तर तुला त्या लगेच मिळाल्या असत्या. पण त्या पत्त्यावरून तुला यापुढे काही लिहायचं नाही, असं मी परवा ठरवलं. का ते पुढे येईलच, एकदम सांगणं मला जमायचं नाही. शाळेत तीस वर्षं रसायन शिकवलं, पोरांना "मुद्द्यावर या" म्हणून दटावत आले, आणि आज स्वतःवर वेळ आली तर मुद्दा सोडून सगळीकडे फिरून यावंसं वाटतंय. तेव्हा हे उभ्याउभ्या वाचू नकोस. हातातलं काम बाजूला ठेव आणि नीट बसून वाच.

आधी खबरबात सांगते. मागच्या सोमवारी सरांची विभागातली खोली रिकामी करून दिली. निवृत्तीची तारीख उलटून महिना झाला होता, नव्या प्राध्यापकांना जागा हवी होती, आणि विभागप्रमुखांनी दोनदा अगदी अदबीने आठवण केली होती. म्हटलं, तिसऱ्यांदा करायची वेळ आणायला नको. तुमचे कार्यशाळेतले फिटरमामा मदतीला आले. सव्वीस वर्षं एकाच खोलीत बसलेल्या माणसाचा पसारा तू पाहिलेलाच आहेस. खिडकीची काच खाली येऊ नये म्हणून अडकवलेली फुटपट्टी, दोन कपाटं, त्यातलं एक कधीच न उघडणारं, आणि भिंतीला टेकून उभ्या केलेल्या त्या नळ्या. प्रत्येक नळी उभी चिरलेली, आत पांढरा थर, कुठे कागदाएवढा पातळ तर कुठे बोटभर जाड. कोणी नवीन माणूस आला की हे त्यातली एक नळी त्याच्या हातात द्यायचे आणि म्हणायचे, "घ्या, कारखान्याला हृदयविकाराचा झटका येतो तो यामुळे." फळ्यावर त्यांच्या अक्षरात एक समीकरण अर्धंच राहिलेलं होतं. मामांनी फडकं घेतलं, माझ्याकडे बघितलं आणि फडकं घडी करून पुन्हा खिशात ठेवलं. "नवे साहेब पुसतील की, वहिनी," म्हणाले.

त्या इमारतीत मी पहिल्यांदा आले ती बेचाळीस वर्षांपूर्वी, आणि कोणाची बायको म्हणून नव्हे. हे तुला कोणी सांगितलं नसेल. वर्गात अठ्ठेचाळीस मुलगे आणि आम्ही दोघी मुली होतो. बायकांसाठी तिथे साधी मोरीसुद्धा नव्हती. त्यासाठी मैदान ओलांडून ग्रंथालयाच्या इमारतीत जावं लागायचं. माझी मैत्रीण म्हणायची, आपलं निम्मं शिक्षण या वाटेवरच झालं बघ. हे आमच्याच वर्गात होते. उष्णतेच्या वहनाच्या पेपरात मी पहिली आले होते आणि हे तिसरे. लग्नाला दहा वर्षं झाल्यावर एकदा पाहुण्यांसमोर त्यांनी ते कबूल केलं, आणि मग आठवडाभर मी तोऱ्यात होते. पुढे आम्ही दोघांनीही संशोधनाला नाव घातलं. मी दीड वर्ष तळघरातल्या त्याच प्रयोगशाळेत काम केलं जिथे तुझी नळी उभी आहे. मग मुलगा झाला, सासूबाई अंथरुणाला खिळल्या. मला कोणी सोड म्हणालं नाही. पण राहा असंही कोणी म्हणालं नाही, आणि या दोहोंच्या मधून मी निमूटपणे बाहेर पडले. यांचा प्रबंध टंकलेखन यंत्रावर मीच उतरवून काढला. दोन ठिकाणी त्यांची आकडेमोड चुकली होती ती न बोलता दुरुस्त केली. त्यांना ते कळलं, पण तेही बोलले नाहीत. तक्रार म्हणून हे लिहीत नाही. आमचा संसार चांगला झाला. पुढे जे सांगायचं आहे ते तुला कळावं म्हणून लिहिते.

आता सरांचं. त्यांच्या रजेचं कारण म्हणून आम्ही तुम्हा सगळ्यांना पाठीचं दुखणं सांगितलं. त्यांची पाठ ठणठणीत आहे. अडीच वर्षांपूर्वी एका संध्याकाळी मोरीतलं पाणी तुंबलं होतं, आणि हे मला काहीतरी सांगू बघत होते. "ती गं... जिच्यातून पाणी जातं ती... ती बदलायला हवी." ज्या माणसाने जन्मभर नळीखेरीज दुसऱ्या कशात डोकं घातलं नाही, त्याला 'नळी' हा शब्द सापडेना. मी हसले, तेही हसले. चार दिवसांनी पुन्हा तसंच झालं तेव्हा दोघंही हसलो नाही. डॉक्टरीणबाई वयाने लहान होत्या, पण शिक्षकासारखं समजावून सांगत होत्या. मेंदूचा आजार आहे, आधी शब्द जातील, मग हळूहळू शब्दांच्या मागचं जातं. औषध नाही. हे सगळं शांतपणे ऐकत होते. शेवटी एवढंच विचारलं, "किती दिवस?" त्या म्हणाल्या, काम करण्याजोगं म्हणाल तर वर्षभर धरून चाला. बाहेर आलो, दवाखान्याच्या पायऱ्यांवर हे थांबले आणि म्हणाले, "ती पोरगी मध्येच आहे गं." मला आधी कळलंच नाही. मुलगा परगावी, त्याला अजून सांगायचं होतं, आणि यांच्या डोक्यात तू होतीस.

तुला सोडून देणं त्यांना शक्य नव्हतं असं नाही. पण त्यांनी हात वर केले असते तर नियमाप्रमाणे तुला दुसऱ्या मार्गदर्शकांकडे जावं लागलं असतं, आणि आपल्या विभागात या विषयाचं दुसरं कोणी नाही. म्हणजे विषय नवा, प्रयोग नवे, आणि तुझी अडीच वर्षं पाण्यात. म्हणून त्यांनी मला वचनात बांधलं. तुझं काम होईपर्यंत कोणाला सांगायचं नाही. मी हो म्हटलं. त्या वेळी ते बरोबरच वाटलं होतं, आणि खरं सांगू, अजूनही पुष्कळसं बरोबर वाटतं. चुकलं ते पुढे.

विद्यार्थी त्यांना 'चाळणी' म्हणतात हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. त्यांच्या हातून बारीकशी चूकही सुटायची नाही म्हणून पडलेलं नाव ते. आतून त्यांना आवडायचंही. आजार कळल्यावर एकदा जेवताना चमच्याला काय म्हणतात ते आठवेना, तेव्हा स्वतःच म्हणाले, "आता खरी चाळणी झाली." मी घास तसाच ठेवून उठले. ते मात्र त्या दिवशी बराच वेळ स्वतःच्या विनोदावर खूश होते. रजेवर गेल्यावर तुझी प्रकरणं घरी येऊ लागली. सुरुवातीला मी मोठ्याने वाचायची, हे डोळे मिटून ऐकायचे आणि मध्येच हात वर करायचे. तो हात म्हणजे समासातलं 'का?'. त्यांचा तो एकाक्षरी शेरा तुम्हा पोरांना किती रडवायचा ते मला ठाऊक आहे. पहिल्या प्रकरणावर चौदा 'का?' होते, मीच मोजले. ते सगळे त्यांचे होते, त्याबद्दल निश्चिंत राहा. दुसऱ्या प्रकरणाच्या वेळी हात वर व्हायचा, पण कशासाठी ते त्यांना सांगता यायचं नाही. मग मी विचारायची, हे आकडे जुळत नाहीत म्हणून? ते मान हलवायचे. मी तसं लिहायची. तिसऱ्याच्या वेळी मी विचारलं की मान हलायची, मग मी काहीही विचारलं तरी. म्हणजे कुठल्या पानापर्यंत सर होते आणि कुठून मी सुरू झाले, ते मला रेघ मारून दाखवता येणार नाही. पण चौथ्या प्रकरणापासून तुला आलेली प्रत्येक ओळ माझी आहे. यातली एकही त्यांची नाही. लिहिलं एकदाचं.

तुला आठवतं, चौथं प्रकरण परत गेल्यावर तू लिहिलंस, "सर, पाच वर्षांत तुम्ही पहिल्यांदा 'छान' लिहिलंत. मी तो कागद आईला दाखवला." ते वाचून वाटलं, पकडले गेले. शाळेतली सवय गं. तीस वर्षं वह्यांवर 'छान' लिहिलेला हात, तो गेला नेहमीच्या वाटेने. त्यानंतरच्या प्रकरणावर मी ठरवून, शोधून शोधून नऊ 'का?' घातले. त्यातले दोन तर अगदीच उगाच होते. तूही दोन पानं भरून त्यांची उत्तरं दिलीस, आणि ती उत्तरं इतकी सुरेख होती की मला माझ्या चोरीतसुद्धा अभिमान वाटला.

एकदा तू येतेच म्हणून हट्ट धरलास. मी किती कारणं सांगितली, पण तू दारातच उभी राहिलीस. हे खिडकीशी खुर्चीत बसले होते, मी त्यांना स्वच्छ कपडे घालून, केस विंचरून तयार केलं होतं. तू आलेख पसरलेस आणि वीस मिनिटं बोलत होतीस. हे तुझ्या तोंडाकडे बघत मान डोलवत होते. मी चहाचा ट्रे हातात धरून दारात, कधी काय उघडं पडेल या धास्तीने उभी. जाताना तू चपला घालता घालता मला म्हणालीस, "काकू, सर किती शांतपणे ऐकतात हो आता. आधी मध्येच तोडायचे." मी म्हटलं, वय झालं. तू गेल्यावर त्यांनी माझा पदर ओढला आणि दाराकडे बोट दाखवून विचारलं, "कोण?" मी सांगितलं. त्यांना काही उमगलं नाही. थोड्या वेळाने आपणहून म्हणाले, "हुशार आहे." त्यांच्या तोंडून पूर्ण निघालेलं ते जवळजवळ शेवटचं वाक्य. तुला त्या दिवशीच कळवायचं होतं, पण कसं कळवणार?

आणखी एक सांगायचं आहे, ते सांगायला सगळ्यात जड जातंय. तुझी प्रकरणं तपासली त्या दीड वर्षात मी सुखी होते. नवरा डोळ्यांदेखत माझ्यापासून दूर चालला होता, रोज एखादा शब्द, एखादी सवय कमी होत होती, आणि त्याच घरात त्यांना सकाळी न्हाऊ-माखू घालून खुर्चीत बसवलं की मी जेवणाच्या टेबलावर तुझी पानं पसरायची आणि माझं मला भान उरायचं नाही. बेचाळीस वर्षांपूर्वीची पुस्तकं काढली. विसरलेलं पुन्हा शिकले. नवीन शिकण्यासाठी मुलाकडून संगणकावर काय काय मागवलं. तो म्हणाला, "आई, बाबांसाठी एवढं कशाला वाचतेस? त्यांना आता कळतं का?" त्यांच्यासाठी नव्हतंच ते. तू ऋणनिर्देशाचा मसुदा पाठवलास त्यात लिहिलंस की, शेवटच्या दीड वर्षात सरांनी मला जेवढं शिकवलं तेवढं आधीच्या साडेतीन वर्षांत शिकवलं नव्हतं. मी ते तीनदा वाचलं. मग त्यांनाही मोठ्याने वाचून दाखवलं. ते दुसऱ्याच कोणाची बातमी ऐकावी तसं ऐकत राहिले. आणि मला, पोरी, लाज वाटायच्या आधी आनंद झाला.

आता त्या अकरा प्रयोगांचं. तुझं काम मी तुला काय समजावणार, पण मला ते किती कळलं होतं हे तुला दिसावं म्हणून लिहिते. क्षार मिसळलेलं पाणी वाफेने तापवलेल्या नळीतून दिवसचे दिवस सोडायचं. आत थर चढत जातो, उष्णता पाण्यापर्यंत पोचेनाशी होते, आणि बाहेर पडणारं पाणी थोडं थोडं थंड होत जातं. किती वेगाच्या पाण्याने किती थर चढतो, हे तू मोजत होतीस. असे एकशे चार प्रयोग. त्यातल्या अकरांमध्ये भलतंच झालं. थंड होत चाललेलं पाणी एकाएकी पुन्हा तापून बाहेर येऊ लागलं, आत थर नसावाच तसं. तू विचारलंस, "सर, या अकरांचं काय करू?" मला उत्तर येत नव्हतं. दोन दिवस पुस्तकं धुंडाळली, कुठे काही मिळेना. तुझा आलेख यांच्या पुढ्यात ठेवला. त्यांनी रेघेवरून बोट फिरवत नेलं, जिथे रेघ वर उसळते तिथे थांबले आणि हसले. "हं," म्हणाले. पण हल्ली ते पडद्याच्या झालरीवरूनही असंच बोट फिरवतात आणि हसतात. मी आलेख उचलून घेतला आणि तुला लिहिलं, तापमापकाची जोडणी सैल झाली असावी, हे प्रयोग गाळून टाक. तू लगेच लिहिलंस की जोडणी दरवेळी तपासली होती, हवं तर पुन्हा करते, तीन आठवडे लागतील. मी लिहिलं, वेळ नाही, गाळ. मला ते चूक वाटत होते म्हणून लिहिलं असतं तर आज एवढं लागलं नसतं. चर्चा वाढली तर मी उघडी पडेन, ही भीती होती. मला उत्तर येत नव्हतं म्हणून मी प्रश्नच काढून टाकला. आणि तू, चाळणीने सांगितलं म्हणून, मान खाली घालून ते गाळलेस.

सोमवारी खोली आवरताना टेबलाच्या खालच्या खणात एक छोटी वही सापडली. आजार कळल्यानंतरची. पानापानावर शब्द आणि शेजारी पेन्सिलीने काढलेलं चित्र. नळी, झडप, पंप, खिडकी, किल्ली. सटकत चाललेले शब्द एकेक करून पकडून ठेवले होते. एका पानावर माझं नाव होतं आणि पुढे माझ्या चष्म्याचं चित्र. मी तिथे खाली फरशीवरच बसले. मामा पाणी आणायला धावले. पुढची पानं उलटत होते, तर मध्येच वाकड्यातिकड्या अक्षरात हे लिहिलेलं: "तिसऱ्यांदा सुटला. चूक नव्हे. जोडणी बघितली, घट्ट. थर आपणहून सुटतो. तिला सांगायचं नाही. तिचं तिला सापडू दे." तारीख वीस महिन्यांपूर्वीची, रजेवर जायच्या आधीच्या आठवड्यातली. मामा पाणी घेऊन आले तेव्हा मी त्यांना वही दाखवली. ते म्हणाले, "हो वहिनी, रविवारी बोलावून घेतलं होतं मला सरांनी. दोघांनी मिळून एकूण एक जोडणी उघडून बघितली. मी म्हटलं, मग प्रयोग करणाऱ्या बाईंना सांगून टाका ना, बिचाऱ्या काळजीत असतात. तर म्हणाले, सांगितलं तर ते माझं होईल."

घरी आले आणि चार दिवस दुसरं काही केलं नाही. तू गाळलेल्या अकरा प्रयोगांचे आकडे माझ्याकडे होतेच. आलेखाच्या कागदावर एकेक टिंब हाताने मांडलं, शाळेत मुलांकडून करून घेत असे तसं. पाण्याचा वेग आडवा, थराची जाडी उभी. अकराच्या अकरा टिंबं एका चिंचोळ्या पट्ट्यात येऊन बसली. चुका अशा शिस्तीत उभ्या राहत नाहीत गं, चुका वाट्टेल तिथे विखुरतात. एका ठरावीक वेगाच्या पाण्यात, ठरावीक जाडी झाली की, तो थर आपला आपण सुटून वाहून जातो. का सुटतो ते मला माहीत नाही. ते तुलाच शोधायचं आहे, आणि तुला ते सापडेल. एवढं मात्र मला कळतं की जिथे कामं बंद ठेवून, आम्ल ओतून नळ्या धुवाव्या लागतात, तिथल्या माणसांना हे ऐकावंसं वाटेल. तुझ्या पाच वर्षांतलं जे खरोखर नवं होतं ते या अकरांत होतं. हे, बोटांतून शब्द निसटत असताना, त्यावर गप्प बसून राहिले, कारण ते तुझं व्हायला हवं होतं. आणि मी तुला मदत करता करता नेमकं तेच उचलून बाहेर टाकलं.

तुझ्या प्रबंधाबरोबर मार्गदर्शकाच्या सहीचा कागद तू पाठवलास, "हे संशोधन माझ्या देखरेखीखाली झाले आहे" असं छापलेला. शुक्रवारी दे म्हणालीस, म्हणजे सोमवारी सादर करून पुढच्या महिन्यात नोकरीवर रुजू होता येईल. हे पत्र त्या कागदासाठी आहे. त्यांची सही मला हुबेहूब येते. तुझे सहामाही अहवाल गेले त्यांतल्या शेवटच्या तिन्हींवर सही माझीच आहे. परवा सकाळी मी त्याच सरावाने पेन उघडून बसले, ते छापील वाक्य वाचलं, आणि पेन मिटून ठेवलं. कागद कोरा परत पाठवते आहे, सोबत ती वही आणि माझा आलेख. विभागप्रमुखांना सगळं लिहून कळवलं आहे, सह्यांसकट. त्यांना आधीपासून कुणकुण होती की नाही देव जाणे, पण तुला यातलं काहीच माहीत नव्हतं हे मी पहिल्याच ओळीत लिहिलं आहे, आणि जे काही व्हायचं ते माझं होईल. तुझा सोमवार हुकेल. नोकरीची तारीखही बहुतेक जाईल, आणि तुझी आई मला शिव्या देईल. तिचं बरोबरच असेल. तू रागावून बोलणं टाकलंस तरी मी समजून घेईन, पण ते अकरा प्रयोग परत घाल. कोणीही नको म्हणालं तरी घाल. आज पाकीट बंद करण्याआधी मी यांना विचारलं, पाठवू ना हे? त्यांनी ते हातात घेतलं, उलटसुलट करून बघितलं आणि माझ्या हातात परत दिलं. त्याचा अर्थ मी या वेळी लावला नाही.

तुझीच,
काकू